मदत हवी आहे: घरच्या बॅकअपसाठी नॅस की एक्स्टर्नल डिस्क?

नमस्कार मंडळी. फोटो, कागदपत्रांचे स्कॅन आणि बाबांनी रेकॉर्ड केलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, असा साधारण ३ टीबी डेटा आहे. दोन डिस्कचं नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेलं, सगळ्यांना वापरता येणारं स्टोरेज) घ्यावं, की ४ टीबीच्या दोन एक्स्टर्नल डिस्क? नॅसवर सगळ्यांचे फोन वायफायने आपोआप बॅकअप होतील, हे मोठंच सुख. पण रेड १ (नॅसच्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवण्याची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फाइल उडाली तर दोन्हीकडून जाते. एक्स्टर्नल डिस्क स्वस्त, एक ताईच्या घरी ठेवता येईल, पण दर आठवड्याला आठवणीने जोडणार कोण?

ओव्या कुठल्याही परिस्थितीत जाता कामा नयेत. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट सारखी जाते. यूपीएसला जोडलेलं नॅस बॅटरी संपण्याआधी आपोआप नीट बंद होतं का? कोणतं वापरता? त्यालाच यूएसबी डिस्क लावून रोज रात्री कॉपी घेणारं कुणी असेल तर अनुभव नक्की सांगा.