मँचेस्टरला एका सेमिस्टरसाठी एक्सचेंजवर जाऊ का? राहणं, व्हिसा, क्रेडिट्स याबद्दल विचारायचंय

धोटा_आणि_कांडी
नमस्कार सगळ्यांना. मी पुण्यात बीए करते, अर्थशास्त्र, घर इचलकरंजीला. एसवाय संपत आलंय आणि कॉलेजच्या एक्सचेंजमध्ये माझं नाव लागलंय, टीवायचं पाचवं सेमिस्टर मँचेस्टरला, सप्टेंबर ते जानेवारी. ट्यूशन फी इथलीच भरायची, तिकडची माफ, पण राहणं-खाणं-विमान-व्हिसा सगळं आपलं. चार दिवसांत होकार कळवायचाय.

बाबा खर्चीवाले आहेत, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतात, घरचे १२ माग, आणि सध्या धंदा कसा चाललाय ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. ते म्हणाले जा, पैशाचं मी बघतो, पण काल रात्री पाणी प्यायला उठले तर कारखान्याच्या वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करत बसले होते, मला बघून वही मिटली. तेव्हापासून जीव वरखाली होतोय.

तर खरं सांगा, पाच महिन्यांसाठी एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का? तिकडे पार्टटाइम काम करून थोडा भार उचलता येईल का? रूम पाच महिन्यांसाठी मिळते का? आणि मार्कांचं काय होतं, तिकडचे मार्क इकडे धरतात का? मी याआधी महाराष्ट्राबाहेर फक्त गोव्याला गेलेय त्यामुळे प्रश्न बावळट वाटले तरी समजून घ्या.

अजिंक्यताऱ्याखाली
अजिबात बावळट नाहीत, मी जाताना यातलं निम्मंसुद्धा विचारलं नव्हतं. मी साताऱ्याचा, मागच्या वर्षी असाच एका सेमिस्टरसाठी मँचेस्टरला होतो.

आधी कामाचं सांगतो कारण बजेट त्यावर ठरतं. सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षणासाठी बरेच जण व्हिजिटर व्हिसावरच जातात, तो स्वस्त आहे आणि कागदपत्रंही कमी, पण त्यावर काम करता येत नाही म्हणजे अजिबात नाही, एखाद्या दुकानात शनिवारी दोन तास उभं राहणंसुद्धा नाही. स्टुडंट व्हिसा काढला तर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण त्याला युनिव्हर्सिटीकडून वेगळं पत्र लागतं, खर्च वाढतो, आणि एका सेमिस्टरवाल्यांना ते पत्र देतात का हे त्यांच्या एक्सचेंज ऑफिसला मेल करूनच कळेल. आणि समज मिळालं तरी पहिले पाच-सहा आठवडे काम शोधण्यातच जातात, तोवर तुझं सेमिस्टर निम्मं संपलेलं असतं. त्यामुळे बाबांच्या वहीत कामाचे पैसे जमेला धरूच नकोस. जे आहे त्यात बसतंय का तेवढंच बघ.

रूम. युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये, म्हणजे हॉस्टेलमध्ये, एका सेमिस्टरसाठी खोल्या असतात पण कमी, अर्ज ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी भर. आणि एक लक्षात ठेव, तिकडे भाडं आठवड्याचं सांगतात. मी १६० पौंड बघून महिन्याचं समजलो होतो. ते आठवड्याचं, म्हणजे महिन्याला जवळजवळ ७०० झाले. घरी फोन करून सांगताना माझा आवाज निघत नव्हता. बाहेर खाजगी खोली स्वस्त दिसते पण तिथे घरमालक तिथलाच गॅरेंटर, म्हणजे भाड्याची हमी देणारा माणूस, मागतात, आपण कुठून आणणार. माझ्या वर्गातल्या एका मुलाने जाहिरातीतले फोटो बघून इथूनच डिपॉझिट पाठवलं, तिकडे गेला तर त्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब राहत होतं. पैसे गेले ते गेलेच, वर पहिले नऊ दिवस तो माझ्या खोलीत जमिनीवर झोपला. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय किंवा युनिव्हर्सिटीच्या यादीत असल्याशिवाय कुणालाही एक रुपया पाठवायचा नाही.

अभ्यास वेगळा आहे. तास कमी, आठवड्याला नऊ-दहा, त्यामुळे पहिल्यांदा वाटतं मजा आहे, पण वाचायला इतकं देतात की ट्युटोरियलला न वाचता गेलं तर सगळ्यांसमोर गप्प बसावं लागतं. दहा-पंधरा जण असतात, लपायला जागा नसते. मी पहिले तीन आठवडे तोंड उघडलं नाही, इंग्लिश येत नव्हतं असं नाही, माझं बोलणं यांना कळणार नाही असं वाटायचं. चौथ्या आठवड्यात शेजारची चिनी मुलगी अडखळत अडखळत बोलली आणि सरांनी तिचाच मुद्दा धरून पुढची वीस मिनिटं घेतली, त्यानंतर मी बोलायला लागलो. ते तीन आठवडे फुकट घालवले याचं मला अजून वाईट वाटतं, कारण बाकीच्यांना तीन वर्षं असतात आणि आपल्याला बाराच आठवडे.

बर्मिंगहॅम_रिटर्न
क्रेडिटचं मी सांगते, कारण माझं त्यातच नुकसान झालंय.

तिकडे एका सेमिस्टरला ६० क्रेडिट्स असतात, साधारण २० चे तीन विषय नाहीतर १० चे सहा. आपल्याकडची क्रेडिट्स वेगळ्या हिशोबाची. कुठल्या विषयाच्या बदल्यात इथला कुठला विषय धरणार हे जायच्या आधी लेखी घ्यायचं, एचओडीच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या सहीने, आणि परीक्षा विभागाला त्याची प्रत गेली पाहिजे. मला मॅडम तोंडी म्हणाल्या होत्या, होईल गं, काळजी करू नकोस. मी गेले, परत आले, मॅडमची बदली झालेली, नवीन सर म्हणाले हा विषय आपल्या सिलॅबसमध्ये बसत नाही. एक पेपर परत द्यावा लागला. सहाव्या सेमिस्टरचा अभ्यास करत पाचव्याचा पेपर.

दुसरं मार्क. तिकडे ७० म्हणजे फर्स्ट क्लास, अगदी वरचा. ४० ला पास. ६५ मिळाले तर तिथली मुलं खूश असतात. तेच ६५ आपल्या मार्कशीटवर जसेच्या तसे चिकटवले तर साधे दिसतात आणि पुढे एमएला अडतं. म्हणून मार्कांचं रूपांतर कसं करणार तेही त्याच कागदावर लिहून घे. त्यांची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मार्कशीट, जानेवारीच्या परीक्षेनंतर लगेच येत नाही, तोवर इकडे सहाव्या सेमिस्टरच्या फॉर्मची तारीख येते, तर निकाल बाकी असताना फॉर्म घेतील का हेही आत्ताच विचार. एवढं केलंस तर मग नक्की जा, मी पेपर परत देऊनसुद्धा म्हणते जा.

चोर्ल्टनची_मावशी
अगं बाळा, मी मँचेस्टरला १९ वर्षं झाली, चोर्ल्टनला राहते, माहेर सांगलीचं. तुझी ती वही मिटल्याची ओळ वाचली आणि आमच्या नानांची आठवण आली.

पावसाची भीती घालतील तुला सगळे. वर्षाचा पाऊस मोजला तर मुंबईच्या निम्म्याहूनही कमी पडतो इथे, पण तो आपल्यासारखा धो धो पडून मोकळा होत नाही, बारीक बारीक दिवसभर चालू राहतो आणि सोबत वारा, त्यामुळे छत्री उलटी होते. टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट घे आणि बूट चांगले घे, बुटात पैसे वाचवू नकोस. पण पावसापेक्षा अंधाराची तयारी ठेव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि एकदम संध्याकाळ अंगावर येते. डिसेंबरमध्ये सव्वाआठ-साडेआठला उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. दुपारी लेक्चरला गेलीस तर बाहेर येताना रात्र. नवीन आलेली मुलं तेव्हा खोलीत बसून राहायला लागतात आणि मग घरची आठवण जास्त येते. रोज उजेडात अर्धा तास चालायचं, व्हिटवर्थ पार्क युनिव्हर्सिटीच्या शेजारीच आहे, भले ढग असू दे.

तब्येतीचं: व्हिजिटर व्हिसावर आलीस तर इन्शुरन्स काढूनच ये. जीपीला, म्हणजे इथल्या साध्या डॉक्टरला, दाखवणं आणि इमर्जन्सीत जाणं याचे पैसे घेत नाहीत पण ॲडमिट व्हायची वेळ आली तर बाहेरून आलेल्यांकडून एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, दीडपट दर घेते, तो आकडा आपल्याला झेपणारा नसतो. दातांचं काम असेल तर इचलकरंजीतच उरकून ये.

खाण्याची काळजी नको. ऑक्सफर्ड रोडने सरळ खाली आलं की रशोम लागतं, विल्म्स्लो रोडवरच्या दुकानांत जाड पोहे, शेंगदाणे, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. कांदालसूण चटणी मात्र घरची आण, ती इथे नाही मिळत. आणि हॉलच्या किचनमध्ये फोडणी देताना दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू. माझ्याकडे यायची एक मुलगी, तिने रात्री अकराला मिरचीची फोडणी दिली आणि फायर अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग थंडीत खाली उभी राहिली, बिचारी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. २५ डिसेंबरला बस, ट्राम, दुकानं सगळं जवळजवळ बंद असतं आणि हॉल रिकामा होतो, त्या दिवशी एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये, मेसेज कर.

आणि खर्चात अर्थ आहे का विचारलंस. माझ्या मुलीला इथे काय शिकायला मिळेल आणि तुला काय मिळेल यात फरक आहे गं. इथे रॉयल एक्सचेंज म्हणून जुनी इमारत आहे, एके काळी अख्ख्या लँकेशायरचे कापसाचे आणि कापडाचे सौदे तिथे व्हायचे. आता आत थिएटर आहे. पण मान वर करून बघितलं की भिंतीवर उंच भावाचा फळा आहे अजून, १९६८ साली व्यवहार बंद झाला त्या शेवटच्या दिवसाचे आकडे तसेच ठेवलेत. इथली मुलं त्याखाली कॉफी पितात, कुणी वर बघत नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आमच्या गल्लीतले सूत व्यापारी आठवले. म्युझियममध्ये, ते सायन्स अँड इंडस्ट्रीवालं, जुने माग चालवून दाखवतात, आवाज ऐकलास की कळेल तुला. आपली इचलकरंजी महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणवते ना, मग मूळ मँचेस्टरमधले माग कसे आले, कशाने चालले आणि का बंद पडले हे मागवाल्याच्या पोरीने नाही बघायचं तर कुणी बघायचं?

अजिंक्यताऱ्याखाली
मावशींनी म्युझियमचं लिहिलं म्हणून आठवलं. टाउन हॉलपासून जवळच लिंकन स्क्वेअरला अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस यायचा थांबला, गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी, तरी मँचेस्टरच्या कामगारांनी गुलामगिरीच्या विरोधात राहून लिंकनला पाठिंबा दिला आणि त्याने १८६३ मध्ये त्यांना आभाराचं पत्र लिहिलं, त्यातला काही भाग पुतळ्याखाली कोरलाय. आणि त्याच काळात इकडे कापसाचे भाव चढून मुंबईत पैसा आला आणि युद्ध संपल्यावर सगळा बाजार कोसळला. मी सायन्सवाला, मला हे तिथे उभं राहून वाचेपर्यंत माहीतच नव्हतं. तू अर्थशास्त्रवाली, आर्थिक इतिहासाचा विषय घेता येत असेल तर तो घे. मात्र आधी तो इथे धरतात का बघ, वर ताईंनी लिहिलंय तसं.

बसचं राहिलं. पिवळ्या बस असतात, मी होतो तेव्हा २ पौंडाच्या तिकिटात तासाभरात कितीही बस बदलता यायच्या. हॉल चालत जाण्याइतका जवळ मिळाला तर तेही वाचतात. आणि पहिल्या आठवड्यात एखाद्या सोसायटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लबमध्ये, नाव घाल, कुठलीही, मी डोंगर चढणाऱ्यांच्यात घातलं होतं, दर रविवारी पीक डिस्ट्रिक्टला जायचे, साताऱ्याच्या पोराला अजून काय पाहिजे. फक्त आपल्याच मुलांच्यात राहिलो असतो तर पाच महिने कसे गेले कळलं नसतं आणि तिथलं कुणी ओळखीचंही झालं नसतं.

धोटा_आणि_कांडी
दादा, ताई, मावशी, तुम्ही एवढं लिहिलंत, मी दोनदा वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं. एचओडी मॅडमना विषयांची यादी आणि मार्कांबद्दलचा मेल आजच टाकला, उद्या समोर बसून सही मागणार आहे, तोंडी काहीच घेणार नाही. तिकडच्या ऑफिसलाही हॉलबद्दल मेल केलाय. कामाचे पैसे काढून टाकून बाबांसोबत परत हिशोब केला, या वेळी वही त्यांनीच उघडली, आठवड्याचं भाडं धरून. ओढाताण आहे पण बसतंय, आत्याही थोडे देते म्हणाली.

मावशी, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. कांदालसूण चटणी तुमच्यासाठी पण आणते, किती आणू ते सांगा. आणि एक विचारायचं होतं. बाबांना त्या फळ्याचं सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले, म्हणाले ५०-६० वर्षं भाव तसाच ठेवलाय? मग थोड्या वेळाने म्हणाले, विचार की त्यांना, कापसाचाच आहे का सुताचा पण, आणि सुताचा असेल तर कुठल्या काउंटचा, म्हणजे किती जाड-बारीक सुताचा, लिहिलाय. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर बघून सांगाल का?