चोणकाच्या गरीला पाकट, शिंगाळा, केंड किंवा साप लागला तर?

शापोरा_काठ

नमस्कार मंडळी. जागा गोव्यातली: शापोरा नदीवर शिवोली ते कोलवाळ, कधी जुवारीवरच्या कुठ्ठाळीची बाजू. वेळ दिवेलागणीनंतरची. आठ फुटी रॉड, ४००० मापाचे रीळ, ३० पौंडी ब्रेड (विणलेला दोर), पुढे ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा हातभर लीडर (दोर आणि गरी यांमधला तुकडा), ४/० ची साधी गरी (गळ), तळाला शिसे. आमिष जिवंत सुंगट (कोळंबी) नाहीतर बोटभर शेवटा (लहान मासा). हवा असतो चोणक (रायगडकरांचा जिताडा) किंवा तामसो (लालसर, सुळे असलेला मासा). लागतात मात्र पाकट (शेपटीला नांगी असलेला चपटा मासा), शिंगाळे (काटेरी, मिशांचे मासे) आणि केंड (फुगणारा विषारी मासा); क्वचित समुद्रसापसुद्धा.

नको ते कमी लागावे म्हणून जोडणीत काय बदलावे? लागलेच तर त्याला आणि आपल्याला इजा न होता सोडवायचे कसे? आणि काटा बसलाच तर काय करायचे? शिवाय लीडर कधी कात्रीने कापल्यासारखा तुटतो, कधी खरवडून पांढरा पडून तुटतो. दोन्हींचे कारण एकच का?

भांगाची_अष्टमी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुटलेले टोक बरेच सांगून जाते. सरळ, स्वच्छ काप असेल तर बहुतेक वेळा केंड. त्याचे चार दात चोचीसारखे असतात. तामशाच्या सुळ्यांनी किंवा चोणकाच्या गालफडाच्या धारदार कडेनेही असा काप पडतो. टोक खरवडलेले, पांढरे असेल तर चोणकाचे ओठ (मोठे दात नाहीत, पण पॉलिश पेपरसारखे खरखरीत) नाहीतर खांबावरची कालवे (धारदार शिंपले).

आता जोडणी. खरी चूक त्या तळाच्या शिशात आहे. पाकट आणि शिंगाळा वासावर तळ चाळत फिरतात. चोणक नजरेवर आणि हालचालीवर शिकार करतो, दबा धरून वर पाहत असतो. तळावर पडलेले सुंगट म्हणजे शिंगाळ्याला दिलेले आमंत्रण. शिसे काढा, तरंगता बोया लावा आणि आमिष एक ते दीड मीटर खोलीवर लटकत ठेवा. लीडर हातभर नको, सव्वा ते दीड मीटर हवा, ५० पौंडी. ब्रेडला एफजी गाठ (ब्रेड आणि लीडर जोडणारी बारीक गाठ), १८-२० वेढे. गरी ५/० ची सर्कल (टोक आत वळलेली). सुंगट डोक्यावरच्या काटेरी सोंडेच्या मुळाशी टोचा, आत दिसणारा काळा ठिपका चुकवून, म्हणजे ते बराच वेळ जिवंत राहते. शेवट्याच्या वरच्या ओठातून गरी काढली तरी चालते.

सर्कल गरीला झटका द्यायचा नसतो. इथे निम्मे लोक मासा घालवतात आणि गरीला शिव्या देतात. दोर ताणला की रीळ फक्त फिरवत राहा, गरी जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसते. यामुळे गिळलेल्या गऱ्याही कमी होतात, म्हणजे नको तो जीव लागला तरी सोडवणे सोपे.

ड्रॅग (रिळाचा ब्रेक) दोराच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवा. ३० पौंडीला साधारण साडेचार किलो, तेही अंदाजाने नव्हे, ताणकाटा लावून मोजून. तामशाचा निकाल पहिल्या दोन सेकंदांत लागतो. खांबात किंवा मुळांत शिरला की लीडर कितीही जाड असो, जातो. म्हणून आमिष खांबापासून तीन मीटर बाहेर ठेवा आणि पहिली धाव स्पूलवर (दोर गुंडाळलेल्या चाकावर) तळहात दाबून अडवा.

केंडावर वायर हा उपाय लोक सांगतात. १०-१५ सेंटिमीटर वायरने लीडर वाचतो, पण पाणी नितळ असेल तर चोणक पाठ फिरवतो. सुंगट अर्धे कुरतडून येऊ लागले की जागा बदला, नाहीतर १०-१२ सेंटिमीटरचे कडक मिनो (नकली मासा) लावा. रबरी माशाच्या शेपट्या केंड एकामागून एक उडवतो, परवडत नाही.

दिवस भांगाचे (अष्टमीच्या आसपासचे, मंद भरतीचे) निवडा. उधाणाला प्रवाह जोरात आणि पाणी गढूळ, मग जड शिसे लागते आणि पुन्हा तुम्ही तळाशी. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहा. म्हणजे रात्री दहा ते बारा हे सुकतीचे (ओहोटीचे) शेवटचे दोन तास, ओहोळांतून बारीक मासळी बाहेर पडते तेव्हाचे. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या, आणि कोलवाळला भरती-सुकती नदीच्या मुखापेक्षा उशिरा धरा.

काटेकोर

सोडवण्याबद्दल. तीन वस्तू हाताशी हव्यात: अकरा इंची लांब चोचीची पकड, गरीच कापणारे कटर आणि डोक्याला बांधायची बॅटरी. मोबाईलचा उजेड चालणार नाही, त्यात एक हात अडकतो. गरीचा उलटा काटा आधीच पकडीने चेपून टाका. आणि स्टेनलेस गरी नको, साधी लोखंडी घ्या. तोंडात राहिली तरी गंजून जाते.

पाकट: उचलू नका, वाळूवर ओढूही नका. नांगी शेपटीच्या टोकाला नसते, बुडाकडच्या भागात असते आणि शेपूट पुढे डोक्याच्याही वरून येते. उथळ पाण्यात ठेवूनच, शक्य तितक्या जवळून लीडर कापा. चार रुपयांच्या गरीसाठी पाय पणाला लावू नये. पाण्यात उतरायचेच असेल तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला. पाकटीला चाहूल लागते आणि ती निघून जाते.

शिंगाळा: काटे तीन, एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे, आणि ते ताठ करून तो कुलूप लावल्यासारखे अडकवतो. फडक्याने धरू नका, काटा फडक्यातून आरपार जातो. पकडीने गरी धरा, शिंगाळा पाण्यावर लोंबता ठेवा, मनगट उलटे फिरवा, तो स्वतःच्या वजनाने सुटतो. चपलेने दाबणे ही सगळ्यांत महागात पडणारी सवय. रबर भेदून काटा वर येतो. मेलेल्या शिंगाळ्याचा काटासुद्धा तितकाच झोंबतो, म्हणून जेटीवर टाकून जाऊ नका.

केंड: बोट तोंडाजवळ नेऊ नका, तुकडा पडतो. हवेत धरला तर तो पाण्याऐवजी हवा भरून घेतो आणि सोडल्यावर उलटा तरंगत राहतो. म्हणून गरी पाण्याखालीच काढा. विष शिजवून जात नाही, त्यामुळे "साफ करून खातात" म्हणणाऱ्याचे ऐकू नका, जेटीवरच्या कुत्र्यांनाही टाकू नका.

साप: शेपूट वल्ह्यासारखी चपटी दिसली की पकड खिशात ठेवा. रॉडच्या लांबीवरून दोर कापायचा, विषय संपला. चावा बहुधा दुखत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. काही तासांत अंगभर स्नायू दुखणे, पापण्या जड होणे, लघवी काळपट होणे ही लक्षणे. आपल्याकडचे नेहमीचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी असते, समुद्रसापासाठी नाही. चावल्याचा संशय जरी आला तरी अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि थेट बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठा. लक्षणांची वाट पाहू नका.

पाकट आणि शिंगाळ्याच्या काट्यावर मात्र जागेवरचा उपाय आहे: गरम पाणी. हे विष उष्णतेने निकामी होते. सुमारे ४५ अंशांचे पाणी, ३० ते ९० मिनिटे, जखम पूर्ण बुडवून. थर्मासमध्ये गरम पाणी नेत जा; एक भाग ते आणि दोन भाग साधे पाणी मिसळले की जवळपास जमते. पाणी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला पोळलेले कळत नाही. नंतर डॉक्टरांकडे जाणे आलेच: तुटका काटा आत राहिला का यासाठी एक्स-रे, धनुर्वाताची सुई, गरज वाटल्यास प्रतिजैविक. खाऱ्या-गोड्या पाण्यातले जंतू मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याला फार लवकर पकडतात. घट्ट दोरी, चोखणे, हळद-चुना यांपैकी काहीही नको. काटा छातीत, पोटात किंवा मानेत असेल तर उपसू नका, तसाच ठेवून रुग्णालयात जा.

खाजन_बांध

वरच्या बोयाबद्दल थोडा मतभेद. कुठ्ठाळीसारख्या जागी सुकतीचा ओढ लागला की बोया वाहून आमिष वर उचलले जाते. तिथे बोया नको, शिसेही नको: नुसती गरी आणि जिवंत शेवटा, दोर मोकळा सोडत न्यायचा. संथ ओहोळात बोया ठीक.

दुसरे म्हणजे मानशीचे (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेचे) दार. चोणक तिथे हमखास, पण तिथली मासेमारी पावणीने (लिलावाने) दिलेली असते. घेणाऱ्याला विचारल्याशिवाय गरी टाकू नका, भांडण होते आणि चूक आपलीच असते.

तिसरे, यादीत नसलेला प्राणी. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. फोंड्याच्या बाजूला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात ते उगाच नाही. तिथे रात्री पाण्याच्या कडेला उकिडवे बसणे, मासे साफ करून आतडी तिथेच टाकणे, अडकलेली गरी काढायला कमरेपर्यंत उतरणे, हे तिन्ही बंद. सपाट चिखलाच्या काठापेक्षा उंच बांध घ्या.

शापोरा_काठ

फार उपयोगी, शिसे काढून टाकतो. आता उरले दोन: मोठा चोणक आला तर सोडायची पद्धत? आणि मुखाजवळ मोरजीच्या बाजूला कासव किंवा डॉल्फिन आले तर?

भांगाची_अष्टमी

चोणक जन्माला नर, मोठा झाल्यावर मादी होतो. मीटरभराच्या आसपासचे जवळपास सगळे माद्याच, म्हणजे तो सोडायचाच. जबड्याला पकड लावून उभा लोंबकळवू नका, मणका आणि घसा दुखावतो. ओली, रबरी जाळी पाण्यात धरा, एक हात पोटाखाली, आडवा उचला, फोटो दहा सेकंदांत. मग तोंड प्रवाहाकडे करून धरा. शेपटीने स्वतः ढकलले की सोडा. पुढे-मागे हलवू नका, कल्ल्यांतून पाणी उलटे जाते.

कासव आणि डॉल्फिन दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. डॉल्फिन दिसले की जिवंत आमिष गुंडाळून घ्या आणि ते पुढे जाईपर्यंत थांबा. कासव लागलेच तर दोराने उचलायचे नाही: जाळी खाली घालून काठाला घ्या, गरी वरवर दिसत असेल तर कटरने तिचे दोन तुकडे करा, गिळलेली असेल तर ओढू नका, वन खात्याला कळवा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री त्या वाळूवर बॅटऱ्या घेऊन फिरू नका. आणि गुंता झालेला ब्रेड खिशात घालून घरी न्या. तो वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पिल्लांच्या पायांत अडकतो.