मदत हवी आहे : बिलिंगमधून परत साइटवर कसं जावं?

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल डिप्लोमा, 4 वर्षं साइट इंजिनिअर. सध्या चेंबूरला एका टॉवरच्या कामावर आहे. मागच्या महिन्यात बीमच्या रिंगा (सळयांभोवती बांधायच्या लोखंडी कड्या) 150 मिमीऐवजी 200 मिमी अंतरावर बांधलेल्या दिसल्या. टेप लावून फिटरकाकांना दाखवल्या, सगळ्या सोडवून परत बांधून घेतल्या. काका काही बोलले नाहीत, उलट पुढच्या बीमला स्वतःच हाक मारली, "मॅडम, बघून घ्या." पण ठेकेदाराने आठवड्याभरात मला ऑफिसात बिलिंगला बसवलं. कारण काय, तर रात्री स्लॅब भरायचा असतो, बाईमाणूस नको.

मला साइटच हवी आहे. 1953 साली आपल्या माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून शकुंतला भगत सिव्हिल इंजिनिअर झाल्या, पुढे पूल बांधले. मग आज हे का ऐकायचं?

रात्रपाळीला गाडी देणाऱ्या कंपनीत कोणी ताई आहेत का? मुलाखतीत हा विषय कसा काढलात? क्वालिटीकडे (कामाचा दर्जा तपासण्याकडे) वळले तर साइट सुटणार नाही ना?

आणि हो, 4 नंबरचे सेफ्टी शूज कुठे मिळतील? नागदेवी स्ट्रीट पालथी घातली. सैल बुटांनी शिडी चढताना पाय सटकतो.