संपूर्ण विजेवर चालणारे घर : स्वस्त तासांसाठी वेगळे वायरिंग लागते का?

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. मुलुंडच्या आमच्या सदनिकेत गॅस नाही. स्वयंपाक इंडक्शनवर होतो, न्हाणीघरांत १५ लिटरचे दोन गीझर आहेत आणि दोन खोल्यांत एसी आहेत. महावितरणने अलीकडेच मीटर रूममध्ये स्मार्ट मीटर बसवले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरी दोन वितरण पेट्या आहेत. त्यांपैकी एकीवरची उपकरणे फक्त रात्रीच चालू होतात आणि तेव्हा वीज स्वस्त पडते. आपल्याकडे असा लाभ घ्यायचा तर गीझरसाठी वेगळी लाइन ओढावी लागेल का? आमचा वायरमन तर दुसरे मीटरच घ्या म्हणतो. शिवाय मीटरच्या पडद्यावर एकामागून एक सरकणारे आकडे कशाचे असतात, तेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

फेज_न्यूट्रल

बहिणीकडची योजना बहुधा ‘इकॉनॉमी ७’ असावी. ती ब्रिटनमध्ये १९७८ साली सुरू झाली आणि तीत रात्रीचे सात तास वीज कमी दराने मिळते. तिथे थंडीत घर तापवण्यासाठी आत जड विटा असलेले हीटर वापरतात. ते रात्री उष्णता साठवतात आणि दिवसभर सोडत राहतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र पेटी असते आणि मीटरशेजारचा कालस्विच तिला ठरलेल्या वेळीच वीज देतो. अनेक घरांत हा स्विच १९८ किलोहर्ट्झच्या लाँगवेव्ह रेडिओ संकेतावर चालत असे. मात्र एक बाब सहसा लक्षात येत नाही : त्या सात तासांत स्वस्त दर संपूर्ण घराच्या वापराला लागू असतो, केवळ त्या पेटीला नव्हे. पेटी वेगळी ठेवण्याचा हेतू एवढाच की हीटर चुकूनही महाग तासांत चालू होऊ नयेत.

आपल्याकडचे गणित उलट आहे. सौरऊर्जेमुळे दुपारी वीज मुबलक असते आणि सूर्य मावळल्यावर तिची टंचाई जाणवते. म्हणूनच केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार सौर तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवायचा आणि स्मार्ट मीटर लागलेल्या घरगुती ग्राहकांनाही ही व्यवस्था लागू करायची. महावितरणने जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील घरगुती वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. तेव्हा रात्री गीझर लावण्याची बहिणीकडची सवय इथे उपयोगाची नाही.

विजेचा_हिशेब

वायरिंगला हात लावण्याची गरज नाही. मीटर एकच असते. त्यातले घड्याळ वापराची वेळ टिपते आणि प्रत्येक कालखंडाचे युनिट वेगळ्या खात्यात जमा करते. पडद्यावर तारीख आणि वेळ, एकूण युनिट, कालखंडवार युनिट आणि कमाल मागणी (एका वेळी घेतलेला सर्वाधिक भार, किलोवॅटमध्ये) असे आकडे फिरत असतात. कालखंडांची बेरीज एकूण युनिटांशी जुळते का आणि मीटरचे घड्याळ बरोबर आहे का, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. घड्याळ मागे-पुढे असेल तर सवलतीचा हिशेबही तितकाच सरकतो. दुसरे मीटर घेतल्यास मात्र स्थिर आकार दोनदा भरावा लागेल.

आता बचतीचे बोलू. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेण्यास सुमारे ०.७ युनिट लागते, म्हणजे २ किलोवॅटच्या कॉइलला वीस-बावीस मिनिटे. ते दुपारी तापवल्यास ८० पैशांच्या हिशेबाने वाचतात ५६ पैसे, आणि ते पाणी सकाळपर्यंत राखताना टाकीतून उष्णता झिरपते, ती वेगळीच. संपूर्ण विजेवर चालणाऱ्या घराला खरी झळ बसते ती टप्प्यांची. १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या सीमा ओलांडल्या की पुढच्या युनिटांचा दर वाढतो, आणि मुंबईच्या उकाड्यात रात्रभर चालणारा एसी आपल्याला त्या सीमांपलीकडे नेतो. एसी दुपारवर ढकलता येत नाही. त्याचे तापमान २६ अंशांवर ठेवणे हाच त्यावर उपाय.

मुलुंडकर

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. कपडे धुण्याचे यंत्र आणि इस्त्री दुपारी वापरता येईल. इमारतीत विद्युत वाहनासाठी चार्जर बसवण्याचा विचार चालू आहे. त्यासाठी टायमर घ्यावा का?

फेज_न्यूट्रल

वाहन दुपारी इमारतीत उभे राहत असेल तरच. एका चार्जिंगला वीस-पंचवीस युनिट लागत असतील तर सवलत खरोखर जाणवेल. बहुतेक गाड्यांत वेळ लावण्याची सोय असते, त्यामुळे निराळा टायमर नको. तरीही बसवायचा झाल्यास साध्या प्लगमधला घेऊ नका. एवढा भार तासन्‌तास वाहण्यासाठी डीबीत (घरातल्या वितरण पेटीत) योग्य क्षमतेचा काँटॅक्टर, म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच, आणि जादा भार आल्यास वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी हवा. यांत्रिक टायमर वीज गेल्यावर थांबतो आणि त्याची वेळ मागे पडते, म्हणून बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारा घ्यावा. त्याआधी बिलावरील मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला मान्य असलेले किलोवॅट, पाहा. दोन गीझर, दोन एसी आणि इंडक्शन यांच्या जोडीला चार्जर आला, तर मंजूर भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा लागेल.