विकलेलं वाद्य सुखरूप पाठवायला काय काय जमवलंत? (अनुभव धागा)

आईचा मिरजेचा तानपुरा विकला गेलाय, घेणारे बंगळुरूचे. कुरिअरवाला म्हणतो, पॅकिंग तुमचं तुम्ही करा, फुटलं तर आम्ही जबाबदार नाही. तुम्ही सामान कुठून आणलंत, आत काय भरलंत? तानपुराच असं नाही, पेटी-तबल्याचे अनुभवही येऊ द्या.

मिरजकरीण
माझं माहेर सतारमेकरांच्या गल्लीजवळ, त्यामुळे हे लहानपणापासून बघतेय. भोपळा म्हणजे शेवटी वाळवलेलं फळच, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतं. त्याला सगळीकडून सारखा दाब चालतो, एकाच जागी टोक लागलं की तडकतो. म्हणून तारा सैल करा, मणी (सूर बारीक जुळवायचे) आणि जवारीचे दोरे (घोडीवर तारांखाली घालायचे) काढून डबीत ठेवा. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, चिकटवलेली नसेल तर तारा उतरल्यावर ती सुटते. तिच्या जागेवर आधी पेन्सिलीने खूण करा आणि घोडी सुती कापडात वेगळी बांधा. दांडीखाली दोन ठिकाणी फोमच्या उशा अशा द्या की भोपळा खोक्याच्या कुठल्याच बाजूला टेकणार नाही. भोपळा आणि दांडी जुळतात तिथे मऊ कापड ठासून भरा, धक्का बसला की पहिली तिथेच चीर जाते. फोम गादीवाल्याकडे मागा. कापून उरलेले तुकडे तो किलोवर देतो, कधी तसेच देतो.

भाता-सुरात
पेटी पाठवली होती, ऐन जुलैत. भाता मिटवून खिट्टी लावली, सगळे स्टॉप (पुढच्या ओढायच्या खुंट्या) आत ढकलले, पट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये दुमडलेला टॉवेल. वर जाड प्लॅस्टिक, आत चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. मग खोक्यात खोकं, मध्ये थर्माकोलच्या पट्ट्या. घेणाऱ्या काकांनी फोन करून आधी थर्माकोलच्या कचऱ्याबद्दल झापलं, मग सूर ठीक असल्याचं सांगितलं.

नुसताच ठेका
तबल्याचं सोपं आहे हो. शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) पुठ्ठ्याची गोल चकती, बाजूने जुन्या साड्यांच्या चुंबळी. विकत काही आणलं नाही.

हिशेबी
खोकं शोधण्याआधी भाडं विचारा. पुष्कळ कुरिअरवाले आकारावरून वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून भागिले ५०००. १५० × ४५ × ४५ चं खोकं म्हणजे जवळजवळ ६१ किलो! तानपुरा प्रत्यक्षात त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मी फ्रिजच्या दुकानातून फुकट मिळालेलं खोकं उभं कापून, अंगाबरोबर बेतून घेतलं, भाडं बरंच उतरलं. आणि दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर भंगारवाला आधी पोचतो.

न्यू जर्सीहून
परदेशी पाठवणार असाल तर साध्या फळ्यांची पेटी ठोकू नका. कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला उष्णता किंवा धुरी दिल्याचा शिक्का लागतो, प्लायवूडला लागत नाही. जुन्या वाद्यावर हस्तिदंताची नक्षी असेल तर मात्र विक्रीच्या भानगडीतच पडू नका, ते कायद्यात अडकतं. आमची सतार प्लायवूडमधून आली. भावाने खिळ्यांऐवजी स्क्रू मारले होते, त्यामुळे उघडताना हातोडीचे दणके बसले नाहीत. बाहेरून त्याने स्क्रू ड्रायव्हरही चिकटवून दिला होता.

मिरजकरीण
@हिशेबी, अंगाबरोबर बेतलंत ते ठीक, पण भोपळ्याच्या चारी बाजूंना चार बोटं जागा ठेवलीत ना? भाड्यासाठी ती कापू नका.

हिशेबी
ठेवली ताई. तिथे गादीवाल्याचाच फोम आहे.