एकच गाव, दोन विमानतळ : मधलं अंतर कसं गाठलंत?

राजारामपुरीकर

मुलाकडं दिल्लीला जायचं म्हणून तिकिटं काढली. कोल्हापूर-मुंबई एक, मुंबई-दिल्ली दुसरं. दोन्हींवर 'मुंबई' लिहिलेलं, मध्ये साडेतीन तास, तेवढ्यात निवांत इडली खाऊ असा माझा हिशेब. परवा ह्यांनी चष्मा लावून तिकीट वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. उतरायचं बीओएमला, चढायचं एनएमआयला. म्हणजे कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून उडालेलं विमान आम्हाला जुन्या विमानतळावर सोडणार आणि पुढचं विमान उलव्यातनं, नवी मुंबईहून सुटणार. मध्ये चाळीसेक किलोमीटर मुंबई पसरलेली.

२५ डिसेंबर २०२५ ला तिथनं विमानं उडायला लागली तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. नवं विमानतळ पनवेलजवळ, म्हणजे आपल्याच वाटेवर! हा पेच तेव्हा डोक्यातच आला नाही.

एका शहरात उतरून त्याच शहरातल्या दुसऱ्या विमानतळावरनं पुढं गेलेले बरेच जण इथं असणार. लिहा. सल्ले नकोत, ते घरात भरपूर मिळतायत. झालं ते सांगा. सामानाचं काय झालं, किती वेळ लागला, आणि विमान चुकलं असेल तर तेही न लाजता.

ताराबाई पार्क

मग लाजायचा मान माझा. माल्टाला नोकरी लागली. मुंबई-हिथ्रो आणि पुढं गॅटविक-माल्टा असं तिकीट एका साइटवर निम्म्या किमतीत मिळालं. दोन्हीकडं 'लंडन' लिहिलेलं, मध्ये नऊ तास. माल्टाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असतो तो शेंजेन व्हिसा पासपोर्टवर चिकटलेला. सोडायला दोन गाड्या भरून नऊ माणसं आली होती. आत्त्यानं विमानतळाच्या दारात ओवाळलं.

चेक-इनच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "ब्रिटनचा व्हिसा?" मी म्हटलं, मी लंडनमध्ये राहणारच नाही. त्यांनी शांतपणे समजावलं: हिथ्रोहून गॅटविकला जायचं म्हणजे इमिग्रेशन ओलांडून रस्त्यावर यायचं, साठ-सत्तर किलोमीटर जायचं. विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलणं वेगळं आणि हे वेगळं. अमेरिकेचा, कॅनडाचा वगैरे व्हिसा असता तर काही सवलत बसली असती. साध्या, कमी मुदतीच्या शेंजेन व्हिसावर नाही.

बाहेर आलो तर मंडळी अजून काचेला नाक लावून हात हलवत होती. दोन्ही गाड्या तशाच परत. किणीच्या टोलनाक्यापर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही, मग आत्त्या म्हणाली, "ओवाळलेलं वाया जात न्हाई रे." अठरा दिवसांनी दुसऱ्या वाटेनं गेलो. त्या वेळी सोडायला फक्त बाबा.

साइक्स एक्स्टेन्शन

हिथ्रो-गॅटविक मी केलंय, शिकायला तिथं होतो त्यामुळं व्हिसाचा प्रश्न नव्हता. कोच, म्हणजे बस, थेट जाते. पण एम २५ हा रस्ता म्हणजे लंडनभोवतीचा रिंगरोड. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या नादाला लागू नका. विमान मिळालं, पण गेट बंद करणाऱ्या माणसाला मी लांबूनच मराठीत हाक मारली होती.

मंगळवार पेठेतली आजी

मी ६८ वर्षांची, एकटी गेले होते. मुलगी बॉस्टनला. जावयांनी तिकीट काढलं ते न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंत, आणि पुढचं त्याच शहरातल्या लागार्डिया विमानतळावरनं. मला वाटलं, बॅगा मुंबईत दिल्या की बॉस्टनलाच भेटतील. बॅगेच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात जेएफके छापलं होतं, पण पट्टी कोण वाचतंय? आता वाचते.

अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतराल तिथंच इमिग्रेशन आणि तिथंच बॅगा ताब्यात. एरवी लोक कस्टम्समधून बाहेर येऊन शेजारच्याच पट्ट्यावर बॅगा परत देतात. माझं पुढचं विमान दुसऱ्याच विमानतळावरनं, त्यामुळं बॅगा माझ्या गळ्यात. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलानं मला दारापर्यंत आणलं, बॅगा शेजारी लावल्या, आणि 'माझी हद्द इथपर्यंत' असं हातानं दाखवून गेला. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि मी, फुटपाथवर.

टॅक्सीवाला ढाक्याचा निघाला, हिंदी बोलायचा. अर्ध्या तासाची वाट, लागला सव्वा तास. लागार्डियाला काट्यावर एक बॅग किलोभर जास्त भरली. मुंबईत बरोबर होती, अमेरिकेत पोचून कशी वाढली ते देवाला ठाऊक. मी तिथंच खाली बसून बॅग उघडली. कांदा-लसूण चटणीला हात लावायचा नाही हे ठरलेलंच. म्हणून गुळाचा किलोचा रवा (छोटी ढेप) काढून पर्समध्ये कोंबला. पुढं तपासणीत त्यांनी तो रवा ट्रेमध्ये ठेवला. दोघं-तिघं जमले. एकानं पांढऱ्या कापडाची चिंधी गुळावरनं फिरवली, ती यंत्रात घातली, वाट बघितली. मग मला विचारलं काय आहे हे. मी म्हटलं, "शुगर, कोल्हापूर शुगर." त्यानं चिकट हातमोजा काढून टाकला आणि जा म्हणाला.

विमान मिळालं. जावयांना मी काही बोलले नाही, मुलीनं बोलायचं तेवढं बोलून घेतलं.

शिरोली एमआयडीसी

आमची फौंड्री. मशीन बघायला जपानला गेलो होतो, उतरलो हानेदाला, परतीचं नारिताहून. टोकियोतली ही दोन टोकं, हानेदा शहराला चिकटून आणि नारिता साठेक किलोमीटर लांब. दोन्हींना जोडणारी लिमोझिन बस आहे. नाव ऐकून मी खिसा चाचपला होता, पण साधी मोठी बस असते ती. माणसानं माझ्या बॅगेला चिठ्ठी बांधली, तिचा अर्धा तुकडा फाडून माझ्या हातात दिला, बॅग पोटात सरकवली आणि बस सुटताना बाहेर उभं राहून वाकून नमस्कार केला. सव्वा तासात नारिता. उतरल्यावर तुकडा जुळवून बघितल्याशिवाय बॅग दिली नाही. घरी आल्यावर डिस्पॅचच्या पोरांना ही चिठ्ठी पद्धत दाखवली. दोन दिवस पाळली.

शाहूपुरी तिसरी गल्ली

बँकॉक. सुवर्णभूमीला उतरायचं, फुकेतचं विमान डॉन मुआंगहून. दोन विमानतळांमध्ये फुकट बस असते, पुढचं तिकीट दाखवायचं फक्त. आम्ही अकरा मित्र, दहा जणांच्या मोबाईलवर तिकीट, अकराव्याची बॅटरी उतरलेली. पहाट होती म्हणून तासाच्या आत पोचलो. विषय संपला.

उद्यमनगर

आवं, लंडन-टोकियो राहू द्या, आपलं गोवाच बघा की. २०२३ च्या जानेवारीत मोपाचं नवं विमानतळ सुरू झालं आणि तिकिटावर 'गोवा' वाचून माणसं फसायला लागली. मेव्हणा दिल्लीहून येणार, रात्री दाबोळीहून त्याचं पुढं बेंगळुरूचं विमान, मधल्या वेळात भेटायचं आणि बहिणीनं दिलेला डबा पोचवायचा. मी आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा करत गेलो. म्हणजे मोपाच्या अगदी दारावरनं. आणि थांबलो कुठं, तर थेट दाबोळीला जाऊन, कारण लहानपणापास्नं गोव्याचं विमानतळ म्हणजे दाबोळी. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, मी मोप्यात." मी ज्याच्या शेजारनं आलो तिथं हा तासभर उभा. मग हा टॅक्सीनं खाली आला, साठेक किलोमीटर. पणजीत अडकला, पुढं जुवारीच्या पुलाला पोचला तवा विमान सुटायला तास राहिला होता. सुक्कं मटण त्यानं सुरक्षा तपासणीच्या रांगेशेजारी उभ्यानं खाल्लं.

रंकाळा स्टँड

मुंबईचं टर्मिनल १ आणि टर्मिनल २ पण या यादीत धरा. विमानतळ एकच, पण दारं वेगवेगळ्या रस्त्यांवर. पूर्वी रिक्षावाल्यांची मनधरणी करायला लागायची. आता मेट्रो ३ आहे, टी वन आणि टी टू अशी दोन स्टेशनं आणि मध्ये फक्त सहार रोड. जमिनीखालनं जात असल्यामुळं रस्त्यावरच्या गर्दीत अडकायला होत नाही. मोठी बॅग असेल तर लिफ्ट शोधण्यात वेळ जातो, तेवढा धरा.

स्टेशन रोडवरचा तिकीटवाला

धंदाच हा असल्यामुळं थोडं लिहितो. मोठ्या शहरांना विमानतळाचा वेगळा आणि शहराचा वेगळा असे कोड असतात. लंडनचा एलओएन, न्यूयॉर्कचा एनवायसी, टोकियोचा टीवायओ. शोधताना शहराचा कोड लागला की संगणक त्यातले सगळे विमानतळ एकाच पिशवीत घालतो. म्हणून तुम्हाला 'लंडन-लंडन' दिसतं आणि स्वस्त वाटतं.

दुसरं, पीएनआर एक आहे की दोन? एका पीएनआरवर कनेक्शन विकलं असेल तर पहिलं विमान लेट झाल्यावर पुढची सोय करायची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं असतील तर तुमचं तुम्ही. आणि आपल्याकडचं खास दुखणं: देशातल्या तिकिटावर साधारण १५ किलो, परदेशाच्या तिकिटावर बऱ्याचदा २३ च्या दोन. वेगळी तिकिटं काढून कोल्हापूरहून उडणारे लोक उजळाईवाडीच्या काउंटरवरच जादा वजनाचे पैसे भरतात आणि मला फोन करतात.

राजारामपुरीकर ताई, तुमची तिकिटं दोन वेगळ्या पीएनआरवर असतील तर त्यात एक फायदाही आहे. एकाच पीएनआरचं पहिलं विमान सोडलं तर पुढचंही रद्द होतं. वेगळ्या तिकिटांना ते लागू नाही.

राजारामपुरीकर

शेवटचं वाक्य ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. पीएनआर दोनच निघाले. मुंबईचं तिकीट तसंच सोडून दिलं (भाड्याचा परतावा काही मिळाला नाही) आणि ताराराणी चौकातनं रात्रीची स्लीपर धरली. कराडजवळ रस्त्याच्या कामात तासभर गेला. सहाला कळंबोलीला उतरलो. पुलाखाली चहा घेतला, रिक्षावाला उलव्याला यायला लगेच तयार झाला, भाडं मात्र त्यानं आमच्या बॅगांकडं बघून सांगितलं.

आत सगळं नवं कोरं, फरशीत तोंड दिसतंय. अकराच्या सुमाराला इडली मिळाली, वाफाळती. ह्यांनी सहज म्हणून मोबाईलवर आमचं कोल्हापूरचं विमान लावून बघितलं. अजून उजळाईवाडीतच उभं होतं.