अजब बंगल्यात आजच्या कलेला एक दालन द्यावं का?

सिव्हिल लाइनवाला:
मुंबईहून भाचा आला होता, त्याला अजब बंगला, म्हणजे आपलं नागपूरचं सेंट्रल म्युझियम, दाखवला. भोसल्यांची शस्त्रं झाली, पेंढा भरलेले प्राणी झाले आणि बाहेर आल्यावर पोट्टा विचारतो, मामा, आत्ताच्या चित्रकारांचं इथे काहीच नाही का? मग मी पण विचारात पडलो. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम पण जुनंच, 1872 ला उघडलेलं, पण दुरुस्तीनंतर 2008 ला परत सुरू झालं तेव्हापासून आजच्या कलावंतांना बोलवतात, 2011 ला मुंबईच्याच चित्रकार जितीश कल्लाटनं तिथल्या जुन्या वस्तूंच्या मधोमध आपलं काम मांडलं होतं. आपला बंगला तर 1863 चा. तिथे वर्षातून आजच्या कलेची दोन प्रदर्शनं, जास्त मागून राहिलो का मी?

महालकर:
हो, जास्तच. म्युझियमचं काम जपणं हाये. उद्या कोणी इन्स्टॉलेशनच्या (खोलीभर वस्तू मांडून केलेली कला) नावाखाली जुन्या भिंतीत ड्रिल मारन आन तुम्ही टाळ्या वाजवान. मुंबईचंच घ्या न, जहांगीर आर्ट गॅलरी 1952 ची, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या बाजूले बांधली, आत नाही घुसवली.

तर्रीवाला:
अबे पण लोकांनी याले 'अजब' काऊन म्हटलं? जे कुठंच दिसे नाही ते तिथं दिसे म्हणून न! आता तुम्ही म्हणता अजब काही आणू नका 😀

चित्रकलेची जुनी विद्यार्थिनी:
मुंबई सोडा हो, भोपाळ जवळ आहे आपल्याला. तिथलं भारत भवन हे कलाकेंद्र 1982 चं, तिथे चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी शहरी चित्रकारांच्या बरोबरीनं आदिवासी कलावंतांना जागा दिली. मध्य प्रदेशातल्या पाटणगढ गावचा गोंड चित्रकार जनगढसिंग श्याम, घराच्या भिंतीवर काढायचा, तो कागदावर आला आणि 1989 ला त्याचं काम थेट पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या आधुनिक कलेच्या केंद्रात लागलं. आणि आपलं शहर वसवलं कोणी, तर गोंड राजा बख्त बुलंद शाहनं, पण गोंड कला म्हटलं की आपण आदिवासी दालनाकडे बोट दाखवतो, जसं काही ती माणसं आता चित्रं काढतच नाहीत. माझा राग त्याचा आहे. इन्स्टॉलेशन वगैरे नंतर बघू.

महालकर:
ताई, हे मात्र खरं बोलल्या तुम्ही. तरी पण त्याच्यासाठी म्युझियमच कायले पाहिजे? सांस्कृतिक केंद्र हाये न सिव्हिल लाइनातच.

चित्रकलेची जुनी विद्यार्थिनी:
कारण शाळेची सहल म्युझियममध्ये येते. गॅलरीत कोण नेतं पोरांना?

तर्रीवाला:
मी आईले नेलं होतं एकदा शहरातल्याच एका प्रदर्शनात (कोणतं ते नाही सांगत). पाट्या सगळ्या इंग्रजीत, आई म्हणे वाचून सांग काय लिहिलं, मी दोनदा वाचलं आन मलेच नाही समजलं, शेवटी बाहेर येऊन पोहे खाल्ले.

सिव्हिल लाइनवाला:
मराठीत पाट्या हव्यातच, त्यावर कोणाचं दुमत नाही.

महालकर:
पहिले पाट्या लावा, मंग बोलू. आन ड्रिलचं अजून कोणीच उत्तर दिलं नाही.